सदतीस उल्का आणि मामांची खुशाली

सोमवार, दिनांक १५ डिसेंबर २०२५, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. फवारणीचा पंप धुऊन उपडा घातला आणि लिहायला बसलो.

आदरणीय बाबुलालमामा, फुलसावंगीजवळच्या तांड्यातून भाचा सुनील याचा वाकून नमस्कार. आपली तब्येत कशी आहे? (दर पत्रात हे रीत म्हणून विचारतो. या वेळी खरोखरच विचारत आहे.)

शनिवारी रात्री मी तुरीत रानडुकरांच्या जागलीला होतो. आकाशातून एकामागून एक तारे तुटत होते. मी वहीत खुणा करत गेलो, सदतीस भरल्या. सकाळी हे आजीला कौतुकाने सांगितले, तीच चूक झाली. आमच्या सुखीबाई आजीच्या हिशेबात एक तारा तुटला की एक माणूस गेले. ती म्हणाली, "सदतीस? मंग नावं सांग."

मी (दहावीपर्यंतच्या अभ्यासावर) समजावले, की ते तारे नसतातच. त्या उल्का, बहुतेक वाळूच्या कणाएवढ्या, फार तर हरभऱ्याएवढ्या. डिसेंबरात पृथ्वी अशा खड्यांच्या पट्ट्यातून जाते. खडा सेकंदाला पस्तीस किलोमीटर धावतो, म्हणजे यवतमाळहून बाभुळगाव एका सेकंदाच्या आत (एस.टी. पाऊण तास घेते, तीही मारोती ड्रायव्हर असेल तर). एवढ्या वेगापुढे हवेला बाजूला सरायला सवड मिळत नाही. ती दाबली जाते, दाबली की भयंकर तापते, सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड तापते तशी, आणि त्या तापाने खड्याची वाफ होते. आपल्याला दिसते ती त्याचीच चमकती रेघ. जमिनीपासून शंभरेक किलोमीटरवरच सगळा खेळ आटोपतो.

आजीने शांतपणे ऐकून घेतले आणि बाबांना मोबाईल काढायला सांगितला. दुपारपर्यंत नात्यातल्या एकोणतीस म्हाताऱ्यांना फोन झाले. सगळे जिवंत निघाले, दोघे चिडले. फक्त मुकुटबनचा, म्हणजे तुमचाच, फोन बंद. दिवेलागणीला आजीने तुमच्या नावाने रडण्याचा सूर लावला. पुष्पाच्या वडिलांपर्यंतही, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांपर्यंत, बातमी गेली. नवरदेवाचा मामा गेल्यावर मांडव कसा घालायचा, २८ तारखेचे लग्न पुढे ढकलू, असा त्यांचा निरोप आला.

आपला,
सुनील

ता. क. १ : रडायला येणारी जीप दारात उभी आहे, माणसे अकरा. हे पत्र आजीच्याच हाती देत आहे (तिला वाचता येत नाही). तुम्ही समोर दिसलात तरी ती आधी रडून घेईल. रडू द्यावे, फार लांबून येत आहे. परतताना त्याच जीपमध्ये बसून या आणि पुष्पाच्या वडिलांना तोंड दाखवा, म्हणजे तारीख टिकेल.

ता. क. २ : उल्का म्हणजे खडा, याबद्दल मला तिळभर शंका नाही. तुमचा नंबर मात्र मी काल स्वतः एकेचाळीस वेळा लावला. मामा, लग्नाचे नंतर बघू. आधी दार उघडा.