नळीच्या तोंडावरचं कडं

लॉस्ट क्रीक, इंडियाना
१४ ऑक्टोबर

आदरणीय हॉबर्टकाका यांस,

क्लेटनचा मनापासून नमस्कार. तुमचं आणि आर्डिथकाकूंचं बरं चाललं असेल असं धरून लिहितो. काकूंच्या नव्या गुडघ्याला ॲरिझोनाची हवा मानवली का ते कळवा. (जुन्या गुडघ्यावरून त्या पाऊस सांगायच्या आणि तो रेडिओपेक्षा बरोबर यायचा. वाळवंटात त्या विद्येला फारसा वाव नसेल.) विल्डा ठीक आहे. माझी पाठ ठीक नाही, पण तीस वर्षं लोकांच्या तळघरांत वाकून घर तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करणाऱ्याची पाठ असावी तशी आहे. मका बहुतेकांचा निघाला. तुमच्या जुन्या घरात आता राहतात ती माणसं चांगली आहेत, फक्त त्यांनी दार जांभळं रंगवलंय.

उन्हाळ्यात आपल्या नेमबाजीच्या क्लबात जे झालं ते तुमच्या कानावर कुणाकडून तरी येणारच, म्हणून मीच लिहितो. मार्चमध्ये ड्वेन स्टायव्हर्सने (तुमच्या शेजारच्यांचा मधला मुलगा, विमा विकतो, आणि नुसतं बोलत असला तरी विकतच असतो) नवी रायफल आणली. तिच्या नळीच्या तोंडावर एक जाड पोलादी कडं होतं आणि त्यावर बारीक रेघा. याला ट्यूनर म्हणतात. ड्वेनने सगळ्यांना समजावलं ते असं, की बार उडाला की नळी थरथरते, आणि गोळी बाहेर पडताना नळीचं तोंड नेमकं कुठे हेलकावतंय त्यावर गोळी कुठे जाणार हे ठरतं. कडं फिरवून किंचित पुढेमागे केलं की थरथर बदलते, आणि कुठल्यातरी एका रेघेवर अशी जागा सापडते की सगळ्या गोळ्या एकाच ठिकाणी जाऊन बसतात. मग त्याने शंभर यार्डांवर तीन गोळ्या मारल्या. तिन्ही भोकं एकमेकांना चिकटून होती. तो कागद त्याने पाकिटात ठेवला, बायकोच्या फोटोच्या पुढे.

मला वाटलं, रायफलीची नळी थरथरते तर माझ्या ठासणीच्या बंदुकीची का नाही थरथरणार. तिची तर जास्त लांब असते. मी एका मोडीत काढलेल्या ट्रॅक्टरच्या दांड्यावरचा पोलादी गळपट्टा कापून कडं केलं, दोन स्क्रूंनी आवळता येईल असं, आणि नळीवर पांढऱ्या रंगाने दहा रेघा आखल्या. मग पाच रविवार चर्च सुटलं की क्लबात. दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली गोळी गजाने ठासायची, बार काढायचा. असे तीन झाले की कडं पुढच्या रेघेवर. दुसऱ्या रविवारी सातव्या रेघेवर तीन गोळ्या एका बशीखाली झाकता येतील इतक्या जवळ पडल्या. मी विल्डाला जेवताना सांगितलं की सापडलं. तिसऱ्या रविवारी त्याच सातव्या रेघेवर त्या जेवणाच्या ताटाखालीही मावल्या नाहीत. मी वहीत लिहिलं, हवा दमट. चौथ्या रविवारी पुन्हा बशी. पाचव्या रविवारी एक गोळी कागदावर आलीच नाही. मी लिहिलं, सूर्य डोळ्यांवर.

ही वही मिस नीहाउसच्या हाती पडली. थेल्मा नीहाउस तुम्हाला आठवत असतीलच. आठवीत मला गणित त्यांनीच शिकवलं, आता सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि क्लबाचे गुण अजून त्याच मांडतात. त्यांनी वही पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचली, चष्मा काढला, आणि म्हणाल्या, "क्लेटन, आठवीत तू नाणं चार वेळा उडवलंस आणि नाणं खोटं आहे म्हणून माझ्याकडे तक्रार घेऊन आलास. तुझ्यात काही फरक पडलेला दिसत नाही."

मी म्हटलं, सातव्या रेघेवर दोनदा बशी आली, मिस नीहाउस.

"आणि दोनदा नाही आली. त्या दोन वेळा तू हवेला आणि सूर्याला दोष दिलास. बशी आली तेव्हा हवेचं नाव कुठे लिहिलंयस ते दाखव."

ड्वेन मागे उभा राहून हसत होता. तेव्हा त्यांनी त्याच्याकडे वळून पाकिटातला कागद मागितला. तीन गोळ्या पाहिल्या आणि विचारलं की असे कागद एकूण किती झाले आणि बाकीचे कुठे आहेत. ड्वेन म्हणाला की बाकीचे ठेवण्यासारखे नव्हते. त्यांनी तो कागद घडी करून त्याला परत दिला.

तर त्यांनी परीक्षा ठरवली. आमची दोघांची, वेगवेगळ्या शनिवारी. माझे साठ बार: वीस सातव्या रेघेवर, वीस दुसऱ्या रेघेवर, वीस कड्याशिवाय. क्रम त्या चिठ्ठ्या काढून ठरवणार, कडंही त्याच बसवणार आणि मला सांगणार नाहीत. बंदूक वाळूच्या पिशव्यांवर, आणि माझ्या व नळीच्या तोंडाच्या मधे फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, वरून फक्त नेम दिसेल एवढी फट. आता ठासणीची बंदूक तोंडाकडूनच भरायची, म्हणजे मी भरली तर कडं मला दिसणार. म्हणून भरण्याचं काम विल्डाकडे आलं. ज्याचं कडं फुकट ठरेल त्याने क्लबाचे बाहेरचे दोन्ही संडास हिवाळ्यापर्यंत धुवायचे, असं ड्वेननेच सुचवलं. मी हो म्हटलं, कारण लोक ऐकत होते.

पहिल्या वीस बारांत काही विशेष घडलं नाही. एकविसाव्याला कडं उडालं. मिस नीहाउसची बोटं सांधेदुखीने वाकली आहेत, स्क्रू पुरते आवळले जात नव्हते, आणि ते कुणाला सांगणं त्यांच्या स्वभावात नाही. कडं सरकून नळीच्या तोंडाशी आलं असावं, गोळी त्याच्या काठाला घासली असावी. एवढं खरं की ते शिट्टी वाजवत गेलं आणि पलीकडच्या पट्टीत ड्वेनने वारा बघायला रोवलेली रेशमी झेंडी काठीसकट घेऊन गेलं. ती त्याने खास मागवली होती. कडं गवतात सापडलं, झेंडी सापडली नाही. मिस नीहाउस म्हणाल्या, हा बार धरायचा नाही, पुन्हा मारा. त्यानंतर स्क्रू विल्डाने आवळले.

निकाल असा. सातवी रेघ, दुसरी रेघ आणि कड्याशिवाय, तिन्हींत काडीचा फरक नाही. मिस नीहाउसनी प्रत्येक भोक पट्टीने मोजलं, शाळेत पेपर तपासायच्या तसं, लाल पेनने. पण दुसरी एक गोष्ट निघाली. साठच्या साठ गोळ्या, कुठल्याही रेघेवरच्या, माझ्या पाच रविवारांच्या निम्म्या जागेत बसल्या होत्या. मी इतका चांगला नेम आयुष्यात मारला नव्हता. मी म्हटलं, पुठ्ठ्याने डोळ्यांवरचा सूर्य अडला असेल. विल्डा म्हणाली, "तू दारू कशी ओततोस ते मी आज पहिल्यांदा नीट आठवून पाहिलं. तू अंदाजाने ओततोस." ती केकच्या मैद्याचं माप सुरीने सपाट करते, तसंच तिने दारूचं केलं होतं, साठही वेळा, आणि दर बारानंतर नळी ओल्या चिंधीने पुसली होती. मी पुसायचो, आठवलं की.

ड्वेनच्या परीक्षेत थोडा फरक दिसला, कड्याच्या बाजूने. तो लगेच पाकीट काढायला लागला. मिस नीहाउस म्हणाल्या, हा फरक खरा असेल किंवा नुसता योगायोग असेल. खात्री हवी तर आणखी चारेकशे बार मार. ड्वेन म्हणाला, तेवढ्यात नळीच झिजेल. "मग तुला कळणार नाही," त्या म्हणाल्या आणि वही मिटली. तेव्हा रायफलीचं उत्तर असं आहे की कदाचित, आणि ठासणीच्या बंदुकीचं असं की विल्डा. संडास आम्ही दोघं धुतो, एकेक. सप्टेंबरच्या सामन्यात विल्डाने स्वतःचं नाव घातलं. ती तिसरी आली, मी आठवा. घरी यावर फार बोलणं झालेलं नाही.

बाकी सगळं क्षेम. काकूंना विल्डाने प्लमचा मुरांबा पाठवला आहे, तो वेगळ्या खोक्यातून येईल. प्रकृतीला जपा, दुपारच्या उन्हात चालू नका.

तुमचा पुतण्या,
क्लेटन प्रॅदर

ता. क. कडं मी अजून बंदुकीवरून काढलेलं नाही. सातव्या रेघेवर आहे. दिसायला बरं दिसतं.

ता. क. २. हे पत्र खरं तर एक गोष्ट विचारायला लिहायला घेतलं होतं. साठ गोळ्यांची भोकं मोजून झाल्यावर मिस नीहाउसना मोजायची सवयच लागली. गेल्या मंगळवारी त्यांनी क्लबाच्या भिंतीवरची तुमची १९८१ च्या अजिंक्यपदाची चौकट उतरवली. पाच गोळ्या, पाचही मधल्या काळ्यात. कागदावर भोकं मात्र चार आहेत, आणि पाचवी चौथीच्याच भोकातून गेली असं तेव्हाच्या पंचांनी खाली लिहिलंय. (ते गेले, एकोणनव्वद साली.) हे आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलो. पण मिस नीहाउस म्हणतात की आमच्या साठ गोळ्यांत सहा वेळा दोन गोळ्या एका भोकातून गेल्या, आणि सहाही वेळा भोक थोडं तरी लांबट झालं. तुमची चारही भोकं गोल आहेत. त्यांनी मला एवढंच विचारायला सांगितलंय की पाचवी गोळी कागदाला लागली होती का. तुम्हाला आठवत नसेल तर काकूंना विचारा. त्या मागे दुर्बीण घेऊन बसल्या होत्या असं बाबा सांगायचे. उत्तर काहीही असलं तरी चौकट पुन्हा जागेवर लावणार, असं त्यांनी स्वतःहून सांगितलंय.

ता. क. ३. हे लिहू नकोस असं त्यांनी बजावलं होतं, पण पाकीट अजून उघडं आहे. मी क्लबाचं जुनं रजिस्टर काढून पाहिलं. त्या वर्षी तुमच्या एका गुणाने मागे, दुसऱ्या नंबरावर, थेल्मा नीहाउस होत्या.