मागची दांडी

पेठ वडगाव,
२ नोव्हेंबर २०२५

ती. राजवीरदादास,
तेजस्वीचा नमस्कार, वि. वि.

तुझ्या फौजेच्या ठाण्यावर फोन लागत नाही, म्हणून पुन्हा कागद-पेन हातात घेतलं. शिरोलीच्या फाउंड्रीत दिवसभर कॉम्प्युटर बडवून माझं अक्षर पार बिघडलंय, हसू नकोस.

बातमी अशी, की आपल्या जुन्या गाडीला आज मागची दांडी बसवली. दुकानात तिला स्वे बार म्हणतात. मागच्या दोन चाकांच्या मध्ये आडवी बसते आणि वळणावर गाडी एका अंगाला कलायला लागली की तिला आवरून धरते. हा खटाटोप आपल्या आईसाठी, आक्कासाठी. दोन वर्षांमागं लीलामावशीकडं वैभववाडीला निघालो, तर गगनबावड्याचा घाट उतरताना तिला इतक्या उलट्या झाल्या की निम्म्यातून माघारी फिरावं लागलं. तेव्हापासून ती गाडीत बसायचं नाव काढत नाही. मावशी एवढी आजारी पडली, तरी फोनवरच बोलून रडली.

आण्णा मात्र भडकले. सारा जन्म एसटी चालवलेल्या माणसाच्या गाडीला पोरगी दांडी लावणार! नीट चालवली की गाडी झुलत न्हाय, असं त्यांचं म्हणणं. मग आक्काला उलट्या कुणी चालवताना झाल्या, असं मी विचारलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आज सकाळी मी अंगणात गाडी स्टँडवर चढवून खाली शिरले आणि गंजलेला एक बोल्ट काही केल्या हलेना. थोड्या वेळानं शेजारी चटई पसरल्याचा आवाज आला. बघते तर आण्णा, बनियनवर, हातात तेलाची बाटली! मग दुपारपर्यंत दोघं खालीच होतो. दांडी धरून ठेवणाऱ्या रबरी बुशांना ग्रीस लावता लावता त्यांनी मिशांनाही लावून घेतलं.

दांडीच्या टोकांना दोन-दोन भोकं आहेत. बाहेरच्यात बोल्ट घातला की ती नरम राहते, आतल्यात कडक. मी आतल्यातच घातलाय. बसवायचीच तर मुळमुळीत कशाला?

आक्काला अजून विचारलेलं नाही. आधी गाडी फिरवून बघू. थंडीत जपून राहा. धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
तेजू

◆

मुक्काम डोंगरात,
८ नोव्हेंबर

चि. तेजूस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

आण्णांच्या ग्रीस लावलेल्या मिशांचं मी इथं सगळ्यांना वाचून दाखवलं. फार दिवसांनी एवढं हसलो.

पण आतल्या भोकाचं वाचून हसू थांबलं. बाई, आपली गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी. मागची बाजू फार कडक केलीस तर कोरड्यात झकास वळेल, आणि ओल्या वळणावर ॲक्सिलरेटरवरून एकदम पाय काढलास की शेपूट फिरवेल. इथं मी रोज तसल्या वळणांवर गाडी हाकतो, म्हणून सांगतो. बोल्ट बाहेरच्या भोकात घे. मागचे टायरही गुळगुळीत झालेत, सुट्टीत बघितलेत मी, ते बदल. तोवर आक्काला बसवू नको.

एवढं सोडलं तर तुझा अभिमान वाटतो. आण्णांना सांगू नको, ते पुन्हा रुसतील.

पत्राला उशीर झाला तरी राग धरू नये, ही विनंती.

तुझा,
दादा

◆

पेठ वडगाव,
१६ नोव्हेंबर

ती. दादास,
नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. घाबरू नकोस, कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

गेल्या रविवारी आण्णांना घेऊन गगनबावड्याच्या रस्त्याला लागले. गाडी अशी वळत होती, की मला जरा मस्ती चढली. कळे गावाच्या पुढं एका वळणावर उसाच्या फडातलं पाणी रस्त्यावर आलेलं. समोर ट्रॅक्टर दिसला, मी दचकून पाय काढला, आणि म्हशीनं ढुंगण फिरवावं तशी गाडी मागून फिरली. थांबली ती तोंड उसात घालून. आण्णा खाली उतरले, चारी चाकं बघून आले आणि मला भीती वाटली का विचारलं. मी हो म्हटलं. मला वाटलं, आता चावी मागणार. पण ते परत आपल्याच जागेवर बसले आणि म्हणाले, घटकाभर दम घे, मग तूच चालव.

दुसऱ्याच दिवशी दांडी बाहेरच्या भोकात घेतली, मागचे टायर नवे घातले आणि त्याच वळणावर पुन्हा पुन्हा फिरवून आणली. आता गाडी कलत नाही आणि मागून घसरतही नाही.

आक्काला कळू द्यायचं नव्हतं, पण बंपरमध्ये अडकलेला पाला तिनंच ओढून काढला. मग सगळं सांगितलं. मला वाटलं, संपलं. तिनं हातातला पाला मोडून टाकला. आणि एवढंच विचारलं, आता तुझ्या मनात शंका हाय का? मी नाही म्हटलं. तशी उठून पिशवी भरायला लागली!

शनिवारी निघतोय. आठवण ठेव, आणखी काय मागू?

तुझी,
तेजू

◆

वैभववाडी,
२५ नोव्हेंबर

चि. राजवीर,
तुझ्या आक्काचा भरभरून आशीर्वाद.

मी लीलीकडं सुखरूप पोचलो. गाडी तेजूनं चालवली. घाटात मी डोळं मिटून बसलोतो. बऱ्याच वेळानं आण्णांना विचारलं, घाट कवा लागायचा, तर म्हणालं, उतरलो की! लिंबू हातातच ऱ्हायला.

आता तुला सांगतो ते तेजूला लिवू दिलं न्हाय. फोनच्या पडद्यावर लीली कायम डोक्यावर पदर घेऊन दिसायची. मला वाटायचं, सासरचं वळण हाय. शनिवारी दारात मला मिठी मारली आणि पदर खाली आला. औषधानं तिचं सगळं केस गेलतं रं. माझ्या जिवाला घोर नको म्हणून तिनं अवाक्षर काढलं न्हाय. दोघी तिथंच उंबऱ्यात बसून रडलो. आण्णा उगाच गाडीचं टायर बघत उभं ऱ्हायलं.

पण आता ती बरी हाय. जेवती, भांडती, मला म्हातारी म्हणती. नवं केस यायला लागल्यात, बाळाच्या जावळासारखं मऊ. रोज सकाळी अंगणात बसवून मी तिच्या डोक्याला तेल लावतो. ती डोळं मिटून गप बसती, ल्हानपणी बसायची तशी.

तेजूला आणि आण्णांना माघारी धाडलंय. कवा न्यायला येऊ म्हणून विचारत होती. म्हटलं, लीलीचं केस बोटाला गुंडाळण्याएवढं होऊ दे, मग ये.

तू जेवत जा पोटभर. आईवर जीव हाय तसाच असू दे.

तुझी,
आक्का