तात्यांची वाटेची पिशवी

प्रिय दादा,

फोन करावा तर तू कामात असतोस, आणि मला मध्येच रडू येतं, त्यामुळे मुद्दा बाजूलाच राहतो. म्हणून आज अंगणवाडी सुटल्यावर हजेरीच्या जुन्या वहीतली कोरी पानं फाडून बसले आहे. एकवीस तारखेला तू नाशिकहून गाडी घेऊन इथं कन्हेरीला येणार आणि तात्यांना पुण्याजवळच्या त्या म्हाताऱ्या माणसांच्या संस्थेत नेऊन सोडणार, हे आपलं ठरलेलं आहे. दाराला कुलूप असतं, चोवीस तास माणूस असतो, असं तू म्हणालास आणि मीही हो म्हणाले. तो होकार मी अजून मागे घेतलेला नाही. पण तू यायच्या आधी तुला काही गोष्टी कळायला हव्यात, आणि त्यातल्या बऱ्याचशा मी तुझ्यापासून लपवून ठेवल्या आहेत. तेव्हा नेहमीच्या सवयीनं शेवटचं पान आधी वाचू नकोस.

तात्या दिवाळीपासून रोज निघतात, एवढं तुला माहीत आहे. न्याहारी झाली की काठी घेतात, मला हात जोडतात आणि म्हणतात, "बाई, लई केलंस. आता घरला निघतो." मी त्यांची लेक सारजा आहे हे त्यांना दिवसातून एकदोनदा आठवतं, तेही बहुधा भूक लागल्यावर. कुठलं घर, असं विचारलं तर लांब हाय म्हणतात आणि इंदापूरच्या रस्त्याकडे काठी करतात. मला वाटलं, बावड्याची आपली वस्ती. म्हणून एकदा मी आणि तुझे दाजी त्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवून बावड्याला घेऊन गेलो. तिथं त्यांनी पडक्या भिंतीकडे पाव्हण्यासारखं बघितलं, शेजारच्यांचा चहा घेतला आणि काठी उचलून परत घरला निघाले.

आता लपवलेलं सांगते. मार्गशीर्षात मी दोन दिवस त्यांना कोंडून ठेवलं होतं. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर रांगेनं धावतात, दोन-दोन ट्रेलर मागं, आणि तात्यांना एका कानानं ऐकू येत नाही. मला भीती वाटली आणि मी दाराला कुलूप घातलं. त्यांनी शिवी दिली नाही की आरडाओरडा केला नाही. कडी हलवून हलवून बोटांची सालं काढून घेतली आणि आतून विचारत राहिले, "बाई, माझं काय चुकलं?" दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुलूप काढलं. ते कुलूप आता विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला आहे. तू म्हणतोस त्या संस्थेचं कुलूप चांगलंच असेल रे, पण कुलूप म्हटलं की मला ती बोटं दिसतात.

मग परवीन आली. तुला आठवत असेल, माझ्या वर्गातली. तू सुट्टीत आलास की तिला गणित शिकवायचास आणि ती मुद्दाम चुकायची. आता तिचं आणि रमजानभाईंचं बारामतीत सीट कव्हरचं दुकान आहे. तिनं तात्यांच्या बोटांना हळद लावली आणि म्हणाली, "म्हातारं थांबत न्हाय ना? मग चालू दे की. तयारीनं चालू दे." इतके दिवस मी त्यांना थांबवायच्या मागे होते. त्यांना नीट पाठवता येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तर आमची तयारी ऐक. आधी मी माझी अक्कल चालवली. कळपातली जुनी घंटा ट्रंकेत होती, ती तात्यांच्या कमरेला बांधली, म्हणजे ते निघाले की कळेल. मेंढक्याला घंटा बांधणारी मी जगातली पहिली बाई असेन. आपल्यात घंटा कुणाला बांधतात हे तात्या विसरलेले नाहीत. त्यांनी ती सोडून शेजारच्या राजेश्वरीकाकूंच्या शेळीच्या गळ्यात बांधली, आणि मी भर दुपारी घंटेच्या आवाजामागे दोन एकर ऊस तुडवला. शेवटी समोर शेळी बघून मी जमिनीवर बसले. घरी आले तर तात्या ओट्यावर बसलेले. म्हणाले, शेळी चांगली हाय, पण तिला वळण न्हाय.

त्यानंतर काम परवीनच्या हातात गेलं. तिनं सीट कव्हरच्या राहिलेल्या रेक्झिनचं बिनबाह्यांचं जाकीट शिवलं, आतून तात्यांच्या जुन्या धोतराचं अस्तर. पाठीवर आणि छातीवर, उसाच्या ट्रेलरला लावतात ती लाल-पांढरी चमकती पट्टी. फोन खिशात ठेवला तर ते काढून फेकतात, म्हणून दाजींचा जुना मोबाईल पाठीच्या अस्तरात शिवला, म्हणजे तात्या कुठं आहेत ते माझ्या फोनवर दिसतं. चार्जिंगची वायर घालायला बगलेत एक काजं ठेवलं आहे. संध्याकाळी जाकीट खुंटीला लटकतं आणि दाजी विचारतात, तात्यांना चार्जिंगला लावलं का? रमजानभाईंनी ट्रॅक्टरच्या टायरचे तळ कापून त्यांच्या चपलांना ठोकले. पाण्याच्या बाटलीला मी घोंगडीच्या तुकड्याची पिशवी शिवली. ती भिजवून दिली की पाणी दुपारपर्यंत गार राहतं. खांद्याला एक मोठी पिशवी, तिच्यात ही बाटली, अंगणवाडीतली ओआरएसची दोन पाकिटं, गुळाचा खडा, शेंगदाणे, भाकरी. आणि गळ्यात प्लास्टिकमध्ये घातलेलं एक कार्ड.

त्या कार्डावरून तर महाभारत झालं. मी लिहिलं होतं, हे गृहस्थ हरवले आहेत. तात्यांनी लिमटेकला एका चहावाल्याकडून ते वाचून घेतलं आणि तिथंच काढून टाकलं. घरी आल्यावर जेवेनात. मी हरवलेलो न्हाय, मी घरला निघालोय, एवढंच बोलणं. दादा, त्यांचं म्हणणं मला पटलं. नवीन कार्डावर लिहिलं: हे तात्या घरी निघाले आहेत. अडवू नका. सावलीत बसवा, पाणी द्या आणि खालच्या नंबरावर फोन करा. हे कार्ड ते नव्या नवरीच्या मंगळसूत्रासारखं मिरवतात.

आता त्या रस्त्याला तात्यांना ओळखत नाही असा माणूस नाही. कारखान्याच्या ट्रॅक्टरवाल्यांचे मला फोन येतात की तुमचं तात्या आमच्या म्होरं चाललंय, आमी दमानं घेतोय. दाजी कामावर नसले की मोटारसायकलवरून अर्धा किलोमीटर मागं राहतात. भवानीनगरच्या आसपास तात्या दमतात, झाडाखाली बसतात, आणि दाजी योगायोगानं भेटल्यासारखे जाऊन विचारतात, आजोबा, कन्हेरीला सोडू का? तात्या म्हणतात, सोडा, उद्याच्याला परत निघावं लागंल. असा आमचा रोजचा दौरा आहे. सहा आठवड्यांत त्यांना साधं खरचटलंही नाही.

पण मी भरलेल्या त्या पिशवीत तात्या हात घालायला लागले, आणि ते मला उशिरा कळलं. पहिल्या दिवसापासून मी एक भाकरी बांधायचे आणि ते म्हणायचे, दोन घाल. मी दोन घालायचे. एक खाऊन यायचे, दुसरी तशीच परत, कडक झालेली. मी ती कोंबड्यांना घालत राहिले आणि मनात म्हणत राहिले, म्हातारपणी डोळ्यांची भूक मोठी होते. मग एक दिवस तुझ्या लग्नातली चांगली घोंगडी मधोमध कापलेली सापडली. अर्धी अंथरुणात, अर्धी गायब. मी त्यांच्यावर चिडले, दादा, चांगलीच चिडले. त्याच आठवड्यात अंगणवाडीच्या पायरीवरून समर्थ नावाच्या पाच-सहा वर्षांच्या पोराची चप्पल गेली. त्याच्या आईनं कुत्र्याला बोल लावला, मीही लावला. गेल्या बुधवारी पिशवी धुवायला म्हणून पालथी केली तर ती चप्पल बाहेर पडली, अर्ध्या घोंगडीत गुंडाळलेली. अर्ध्या घोंगडीचं एक टोक दाभणानं शिवून त्यांनी डोक्यावरून घ्यायची खोळ केली होती. दाजींच्या काय माझ्याही डोक्याला ती बसली नसती. सात वर्षांच्या पोराला बरोबर बसेल एवढी होती.

जसं होतं तसं परत भरलं, समर्थला नवी चप्पल घेऊन दिली आणि गुरुवारी रजा टाकून तात्यांच्या मागून चालायला लागले. त्यांना थांबवायचं नाही, वळवायचं नाही, एवढं ठरवलं होतं. भवानीनगरला दमल्यावर दाजींनी त्यांना आणि मला मोटारसायकलवर बसवलं, पण मागं आणण्याऐवजी मी म्हणाले, पुढं सोडा. जंक्शनला उतरवून दिलं. तुला माहीत आहे, तिथं रस्ता फुटतो. बावड्याला जायचं तर उजवीकडे वालचंदनगरला वळायचं. तात्यांनी उजवीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ इंदापूरच्या रस्त्याला लागले. इंदापुरात तर आपलं घर कधीच नव्हतं. इंदापुरात फक्त तुझं वसतिगृह होतं.

गेल्या दिवाळीत तू जे बोललास ते मी विसरलेले नाही. मेंढरं दिवाळीनंतर कोकणात उतरायची. तू सात वर्षांचा होतास त्या वर्षी आपला मेंढरांचा वाडा इंदापूरच्या शिवारात बसला होता आणि जाता जाता तात्यांनी तुला वसतिगृहात सोडलं. मी दोन वर्षांची, घोड्यावरच्या बोचक्यात बांधलेली. तू कळपामागं अनवाणी पळत आलास, मास्तरांनी तुला धरून नेलं. येताना मीच न्यायला येतो, असं तात्या म्हणाले होते आणि उन्हाळ्यात आला मामा. तू म्हणालास, त्या माणसानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही, आता मी किती वळून बघायचं? मी फोन ठेवला.

गुरुवारी जंक्शनच्या पुढचं सगळं अंतर काही त्यांच्यानं चालवलं नाही. निमगाव केतकीपासून टेम्पोनं गेलो, शेवटचा एक किलोमीटर ते चालले. जुन्या वसतिगृहाच्या जागी आता कपड्यांचं दुकान आहे, पण दगडी पायरी तीच आहे. तात्या तिच्यावर बसले. पिशवीतून ती लहान चप्पल काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि बाहेर पडणाऱ्याच्या पायात पटकन जावी अशी, तोंडं रस्त्याकडे करून, पायरीखाली ठेवली. खोळ मांडीवर घेतली. फडकं सोडून एक भाकरी स्वतः खाल्ली आणि दुसरी झाकून ठेवली. मी शेजारी बसून विचारलं, कुणाची वाट बघताय? दादा, ते जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते.

"सिद्धू यील आता. पोरगं अनवाणी हाय. माझ्या मागं पळत आलं व्हतं. मी वळून बघितलं न्हाय. बघितलं असतं तर पाय उचलला नसता माझा." मग मांडीवरची खोळ सारखी केली आणि म्हणाले, "न्यायला येतो म्हणालोय. वाट बघत असंल."

दोन तास आम्ही त्या पायरीवर होतो. दुकानदारानं पाणी दिलं. शेवटी मी खोटं बोलले की मास्तर म्हणतात आज सुट्टी न्हाय, पुढच्या खेपेला सोडतो. त्यांनी मान हलवली. मास्तर म्हणत असतील तर बरोबरच असंल, असं म्हणून चप्पल परत घोंगडीत गुंडाळली. येताना टेम्पोत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. मी मात्र सगळा रस्ता रडत आले. इतके दिवस मी माझ्या हुशारीवर खूश होते की तात्यांसाठी केवढं सामान जुळवलं. आणि ते आपलं माझ्या डोळ्यांदेखत तुझ्यासाठी सामान जुळवत होते, तुझ्या घरी यायच्या वाटेचं.

दादा, यासाठी हे पत्र. एकवीस तारखेला तू ये, पण कन्हेरीला येऊ नकोस. सरळ इंदापूरला जा आणि त्या पायरीवर बस. तू पन्नाशी ओलांडलीस, डोक्यावर केस राहिले नाहीत, आणि ते सात वर्षांच्या पोराला शोधतायत. ओळखतील की नाही देव जाणे. नाही ओळखलं तर नाव सांग, आणि चप्पल बसत नसली तरी हातात घे. पिशवीतली दुसरी भाकरी तुझी आहे, ती त्यांच्यासमोर खा. मग त्यांच्याबरोबर थोडं चाल, झेपेल तेवढं. त्यानंतर संस्थेचं तू म्हणशील तसं करू, मी एक शब्द बोलणार नाही. आम्ही अकराच्या सुमाराला पोहोचू. तात्या तुला न्यायला येतायत, तेवढं तिथं थांब.

तुझीच,
सारजा