रिकामी पट्टी

४ मार्च
आजपासून रोज लिहिणार. मोजकं. रडगाणं नको.
काम उत्तम चाललं आहे. सोन्याचा मुलामा दिलेली काचपट्टी द्रावणात बुडवून ठेवायची. रेणू गंधकाच्या टोकाने सोन्याला चिकटतात आणि आपले आपण उभे राहतात, दाटीवाटीने, सरळ रांगेत. कुणावर ओरडावं लागत नाही. घरात असं कधी झालं नाही. वर धातूचा इवलासा ठिपका बसवला की झाला स्विच, एका रेणूच्या जाडीचा. चालू होतो, बंद होतो. महिनाअखेर समिती येऊन बघेल आणि प्रयोगशाळा माझ्याकडेच राहील. निवृत्ती वगैरे इतरांसाठी.

५ मार्च
लेकीला मुलगा झाला. हे सकाळीच तिच्याकडे गेले. मी निकाल हाती आला की जाणार. ह्यांना धड चहा करता येत नाही, तिथे काय उजेड पाडणार आहेत? लेकीला फोनवर सूचना दिल्या. ती हो हो म्हणाली.

८ मार्च, सकाळी
माझ्या सहकाऱ्याचं नाव मी किंतुपरंतु ठेवलं आहे. आज पुन्हा तेच. म्हणे, मॅडम, रेणू न लावलेली रिकामी पट्टी एकदा जोडून बघू. तीही चालू-बंद झाली तर आपले रेणू नुसते बघे. वरच्या धातूचाच एखादा तंतू खाली उतरतो आणि तुटतो, असं ठरेल. मी म्हटलं, जरूर. उद्या. त्याने दिलेली रिकामी पट्टी खणात टाकली.

९ मार्च
यंत्राची तब्येत बरी दिसली नाही. पट्टी उद्या.

१३ मार्च
स्विच दिवसभर चालला. चालत्या गाडीला खीळ घालण्यात काही लोकांना आनंद वाटतो.
लेकीचा फोन. बाबा बाळाला आंघोळ घालतात म्हणाली. हसू आलं. आलं नाही, पण यायला हवं होतं.

१७ मार्च
रिकामी पट्टी खणात माझ्या गुडघ्याच्या मलमाला चिकटली होती. अशी पट्टी तपासणं अशास्त्रीय. नवी करायला वेळ नाही. शिवाय हा तत्त्वाचा प्रश्न आहे. कोणतं तत्त्व ते उद्या लिहीन.

१८ मार्च
लिहायला वेळ नाही.

२२ मार्च
ह्यांचा फोन. कधी येतेस, विचारलं. म्हटलं, मी इथून हलले की सगळं कोलमडेल. बरं म्हणाले. पूर्वी वाद तरी घालायचे.
एकटीपुरता स्वयंपाक जमत नाही. दोघांचा करते, दोन दिवस खाते. सोय आहे.

२६ मार्च
संचालकांचं बोलावणं. समितीला रिकामी पट्टी जोडलेली बघायची आहे. किंतुपरंतुने चुगली केली असणार, असं मी सुनावलं. ते मान खाली घालून म्हणाले, "बाई, रिकामी पट्टी आधी तपासायची, हे मला पहिल्या वर्षाला तुम्हीच शिकवलंत."
मुलं नको ते लक्षात ठेवतात.

२८ मार्च
समिती यायच्या आधी करून टाकलं. शंका होती म्हणून नव्हे, लोकांच्या समाधानासाठी.
मलमाची पट्टी जोडली. चालू झाली. बंद झाली. पुन्हा चालू. म्हटलं, हा मलमाचा प्रताप. किंतुपरंतुने नवी, धुतलेली पट्टी आणली. सोन्यावर हवेतला मळ बसतोच, तेवढा थर तिला पुरला. चालू, बंद, चालू, बंद. आमच्या कुठल्याही पट्टीपेक्षा नीट.
त्याने एकही 'पण' न लावता आकडे वहीत उतरवले. त्याला दुसरं नाव शोधायला हवं.

२९ मार्च, संध्याकाळी
रेणू नुसते बघे, हे समितीला मीच कळवलं. प्रयोगशाळेची किल्ली संचालकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी बसा म्हटलं, मी बसले नाही. घरी येऊन जेवले. काही वाटलं नाही. दमले असेन.
ह्यांना फोन केला. म्हटलं, येते आता. पलीकडे बाळ रडत होतं, मग गप्प झालं. ह्यांनीच गप्प केलं असावं.
म्हणाले, "ये की. पण घाई करू नकोस. इथे तुझ्यावाचून काही अडलेलं नाही."
माझ्या गुडघ्यांची काळजी. दुसरं काय.