दमदार मार्गाने सहा दिवस

रविवार, ८ जून. मॉल्व्हर्न, घरी. संध्याकाळी ५.
उद्यापासून सायकल सहल. श्रॉपशर, सहा दिवस, एकशे वीस मैल. गाईड नाही, कळप नाही. कंपनी फक्त नकाशा देते आणि बॅगा व्हॅनने पुढच्या गावी पोचवते. बाकी आपण आणि आपले पाय.

ही नुसती सहल नाही, हे स्वच्छ लिहून ठेवतो. प्रश्न या घराचा आहे. बायकोला, गिलियनला, ते विकायचंय. पर्शोरला, आमच्या लेकीच्या, टेसाच्या घराजवळ, तिने एक बैठा बंगला बघून ठेवलाय. गाव सपाट, बाग सपाट, दाराला पायरीसुद्धा नाही. म्हणते, हॉवर्ड, तुझ्यासाठीच म्हणते रे, तुझे गुडघे काही आता पहिल्यासारखे राहिले नाहीत.

माझे गुडघे! छत्तीस वर्षं भूगोल शिकवला. त्यातली वीस वर्षं दरवर्षी चाळीस पोरं हाकत डोंगर चढलो. या घराला बेचाळीस पायऱ्या आहेत आणि वरच्या खोलीतून सेव्हर्न नदीचं अख्खं खोरं दिसतं. टेसाचा पाळणा त्याच खोलीत होता. इथून मी निघेन तो आडवाच.

म्हणून पैज. सहाही दिवस स्वतःच्या पायांनी सायकल मारली, तर घर राहणार आणि विषय कायमचा बंद. एकदा जरी व्हॅनमध्ये बसलो, तर बंगला. लेक फोनवर साक्षीदार. टेसा म्हणाली, बाबा, निदान आईवर तरी दया करा. हिला कसली दया हवी आहे? सहलीला नेतोय तिला.

संकल्प: सहाला उठणे. पंधरा मिनिटं व्यायाम. चढावर उतरणे नाही. संध्याकाळी एकच बिअर. रोजनिशी खरी लिहिणे.

सराव म्हणून दोनदा वरखाली केलं. दम अजिबात नाही. (थोडा.) गिलियन खालीच बसून होती. म्हणाली, वर जातोच आहेस तर माझी बॅगही घेऊन ये. हल्ली ती वर फिरकतच नाही. घरावरचं मन उडालंय, दुसरं काय.

सोमवार, ९ जून. क्लन. संध्याकाळी ७.
सहाला उठलो नाही. पहिल्या दिवशी झोप महत्त्वाची.

सकाळी लडलो गावात सायकली ताब्यात घेतल्या. रस्त्याचे दोन कागद मिळतात. हिरवा म्हणजे निवांत मार्ग, लाल म्हणजे दमदार मार्ग. मी लाल उचलला. गिलियनने हिरवा. म्हणजे दिवसभर वेगळे, संध्याकाळी मुक्कामाला भेट. तीच म्हणाली, माझ्यासाठी तू कशाला रखडतोस? समजूतदार बाई.

व्हॅनवालीचं नाव ग्लिनिस. वेल्सच्या हद्दीवरची, पंचावन्नची, धिप्पाड. सगळ्यांना राजा म्हणते. मी सांगितलं, मी मिस्टर पेनफोल्ड. ती म्हणाली, बरं राजा.

गिलियनने घेऊन दिलेली गादीची चड्डी घरीच ठेवली आहे. असले लाड शहरी लोकांना लागतात.

एकोणीस मैल. चढावर चार वेळा उतरलो, ते फुलं बघायला. फॉक्सग्लोव्ह यंदा फार छान फुललाय.

गिलियन माझ्यानंतर दीड तासाने आली. चेहरा पांढराफटक. म्हणाली, वाटेत तीन जुनी चर्चं लागली, प्रत्येकात बसले जरा. तिला हे जुनं दगडकाम बघायचा नाद कधी लागला, कोण जाणे. मुक्कामाची खोली तिने आधीच तळमजल्यावर मागून घेतली होती. माझ्या गुडघ्यांसाठी! 

मंगळवार, १० जून. बिशप्स कासल. संध्याकाळी ६.
हा मजकूर उभ्याने लिहितो आहे. खानावळीतल्या शेकोटीच्या कट्ट्यावर वही ठेवली आहे. बसणं सध्या शक्य नाही. गादीच्या चड्डीबद्दल कालचं मत मागे घेतो.

आजची घटना तपशीलवार लिहिणं भाग आहे, म्हणजे पुढे गैरसमज नको. अकरा वाजता एका टेकडीच्या पायथ्याशी नकाशा बघत होतो. उंचीच्या रेषा शेवयांसारख्या एकमेकींत अडकलेल्या. मागून व्हॅन आली. ग्लिनिसने विचारलं, सोडू का वरपर्यंत? मी म्हटलं, छे छे, आभारी आहे. तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, खरंच नको, तुम्हाला कशाला त्रास? तिने तिसऱ्यांदा विचारलं. आता आपल्याकडे दोनदा नको म्हणणं ही रीत आहे, पण तिसऱ्यांदा नको म्हणणं हा सरळ उद्धटपणा. बाईमाणसाचा अपमान मी जन्मात केलेला नाही.

मात्र नोंद घ्यावी: मी बसलो नाही. मागे बॅगांमध्ये सायकल धरून उभा होतो, वाकून. पैजेचा शब्द "बसलो तर" असा आहे. शब्द म्हणजे शब्द. शिवाय बसता येतच नव्हतं.

गावाच्या अलीकडे चर्चच्या भिंतीआड उतरलो. बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं. ग्लिनिस म्हणाली, राजा, पायाला चिखल लाव थोडा, नाहीतर कोण विश्वास ठेवेल? खालची मातीही तिनेच दाखवली.

गिलियन चारला आली. घामाचा थेंब नाही, केसही जागच्या जागी. निवांत मार्ग तो निवांतच. मी तिला टेकडीचं सविस्तर वर्णन ऐकवलं. ती म्हणाली, कमाल आहे तुझी. मला जरा कसंतरी झालं. बिअर दोन.

बुधवार, ११ जून. चर्च स्ट्रेटन.
आज निश्चय पक्का. व्हॅनकडे बघायचंही नाही. तीन मैल अप्रतिम गेले.

मग पाठीत उसण भरली. डॉक्टर जवळ नसेल तर अशा वेळी सपाट जागी आडवं व्हावं, हे शास्त्र आहे. व्हॅनचा मागचा भाग सपाट होता. नोंद: आडवा झालो. बसलो नाही.

ग्लिनिस पुढून ओरडून म्हणाली, मनाला लावून घेऊ नको राजा, दुपारच्या फेरीला तुझ्यासारखंच आणखी एक गिऱ्हाईक असतं. घरी कोणाला सांगू नका म्हणून माझ्याकडून शपथ घेतली आहे. मी त्यांनाही हेच सांगते, व्हॅनमधलं व्हॅनमध्ये. कोण असेल बिचारा? माणसाने इतकं खोटं वागावं? मला त्याची कीवच आली.

संध्याकाळी गिलियनने बॅग उघडली. तिची गवती हॅट पार चपटी झालेली. तिने हॅटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, व्हॅनमध्ये फार सामान असेल नाही? मी म्हटलं, असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तक्रार: जेवणात मटणाची पाई मागवली, तिच्यासोबत मटार नव्हते. मालकीण म्हणाली, गोठवलेल्या मटाराची पिशवी एका बाईंनी मागून नेली. मटाराशिवाय पाई! देश कुठे चाललाय?

गुरुवार, १२ जून. मच वेनलॉक.
आज पुढच्या सीटवर होतो. मागे दुसऱ्या कोणाच्या सायकली होत्या, जागा नव्हती. पुढे बसायचं तर पट्टा लावून नीट बसावं लागतं, तसा कायदाच आहे. कायद्यापुढे नवराबायकोच्या पैजेला किती महत्त्व द्यायचं, याचा विचार व्हावा.

पण झोप लागत नाही, हे खरं. डोळे मिटले की वरची खोली दिसते. गुरुवारी बाजार असतो, तेव्हा त्या खिडकीतून खालचे मंडप दिसतात, मुलीच्या खेळातल्या चुलीबोळक्यांएवढे. ते घर जाऊ नये. एवढ्यासाठीच चाललंय सगळं. माणूस खोटं बोलतो ते काय हौसेने?

गिलियन खानावळीच्या तीन पायऱ्या एकेक करून उतरली, भिंतीला हात लावून. मी म्हटलं, सांभाळून, ओल आहे. ती म्हणाली, हो ना, ओलच आहे. इथेही मटार नाहीत. बिअर तीन.

शुक्रवार, १३ जून. व्हॅनमधून आल्यावर लगेच. दुपारी १२.
लिहायचंच आहे तर सरळ लिहितो.

सकाळपासून धो धो. ग्लिनिस म्हणाली, दुपारी नातवाच्या शाळेत खेळ आहेत, आज एकच फेरी, दुपारचं गिऱ्हाईकही आत्ताच घ्यायचंय, चालेल ना? मी म्हटलं, चालेल की, मलाही बघायचाय हा महाभाग. ग्लिनिस गालातल्या गालात हसली. मला ते तेव्हा कळायला हवं होतं.

पाच मैलांवर एक चर्च. फाटकावर कौलारू छप्पर, खाली बाक. बाकावर पाय लांब करून गिलियन बसलेली. शेजारी तिची सायकल. गुडघ्यावर मटाराची पिशवी.

ग्लिनिसने खाली उतरून दार उघडलं. गिलियन आली, माझ्या शेजारी बसली, पट्टा लावला. म्हणाली, काय पाऊस तरी. मी म्हटलं, पिकांना बरा. ती म्हणाली, हो, पिकांना हवाच होता. मी म्हटलं, उद्या उघडेल बहुतेक. असे आम्ही तीन मैल गेलो. मटारांचं पाणी माझ्या बुटावर टपटपत होतं. शेवटी ग्लिनिस म्हणाली, अहो, तुम्ही बोलणार आहात की मी रेडिओ लावू? एका माळेचे मणी मेले, मंगळवारपासून माझ्या पोटात दुखतंय हसू दाबून!

मग गिलियन बोलली. डावा गुडघा. फेब्रुवारीतच डॉक्टरांनी सांगितलं की झिजलाय. आमच्या वरच्या खोलीत ती चार महिन्यांत गेलेली नाही. सोमवारी कशीबशी आली, मंगळवारपासून व्हॅन. टेसाला सगळं ठाऊक. मी म्हटलं, अगं मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, सांगितलं असतं तर तू एका मिनिटात हो म्हणाला असतास. घर विकलं असतंस आणि मग जन्मभर शहाण्यासारखा गप्प बसून राहिला असतास. ते गप्प बसणं मला सोसवलं नसतं रे. माझ्यापायी तुझं घर गेलं, असं नको होतं मला. तुझ्या गुडघ्यांपायी गेलं असतं तर दोघं मिळून रडलो असतो.

मी विचारलं, आणि पैज? म्हणाली, तू हरणार हे मला माहीतच होतं. मला फक्त तू हरेपर्यंत तग धरायचा होता. बुधवारी हॅट बघितली तेव्हाच कळलं, पण मी तरी कोणत्या तोंडाने बोलू?

मला लाज वाटली. व्हॅनची नाही. चार महिने मी वरच्या खोलीत एकटाच चहा पीत होतो, आणि मला वाटलं, हिचं मन उडालंय.

मी म्हटलं, बंगला बघायला सोमवारी जाऊ. ती म्हणाली, बघू. मी म्हटलं, नाही, जाऊच. तिने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, धर जरा, हात गार पडले माझे.

शनिवार, १४ जून. लडलो.
शेवटच्या दिवशी तरी सायकल मारायचीच, म्हणून निघालो. हिरवा कागद घेतला. निवांत मार्ग मुळीच निवांत नाही, कंपनीला पत्र लिहिणार आहे. चार मैलांवर व्हॅन थांबलेली दिसली. पुढच्या सीटवरून गिलियनने हात केला. ग्लिनिसने एकदाच विचारलं. मी लगेच हो म्हटलं.

सोमवार, १६ जून. घरी. सकाळी १०.
रोजनिशी पहिल्यापासून वाचली. समाधान वाटलं. पांढरा चेहरा, तळमजल्याची खोली, भिंतीला हात, मटार: सगळं मी वेळच्या वेळी टिपून ठेवलं होतं. निरीक्षण माझं पूर्वीपासूनच बारीक. अर्थ लावायला सवड मिळाली नाही, एवढंच.

टेसाला फोन केला. बैठ्या घरात राहावं, असं माझ्या मनात बरेच दिवस होतं, असं सांगितलं.  ती म्हणाली, बरं बाबा.

बंगला बघायला दोनला जायचंय. त्याआधी गिलियन म्हणाली, एकदा वर जाऊन खोरं बघायचं मला. मी म्हटलं, चल, पण मी मागे राहतो, पडलीस तर धरायला कोणीतरी हवं. बेचाळीस पायऱ्या, वीस मिनिटं लागली. वाटेत चार वेळा थांबलो. अर्थात तिच्यासाठी. त्यातल्या तीन वेळा ती मागे वळून म्हणाली, हॉवर्ड, निघायचं का आता?