दिनाक मावशीची टोपी

प्रिय पाकूर,

तुझी डाळिंबं पोहोचली. खेचराच्या पाठीवर निम्मी फुटली, उरलेली गोड निघाली. दाढा राहिल्या नाहीत म्हणून दाणे कुटून रस काढून घेतो आणि तुझ्या नावाने पितो. इकडे ओकच्या रानात पानगळ सुरू झाली आहे. यंदा जव बरे आले, मेंढ्याही बऱ्या आहेत. मीच काय तो बरा नाही. घोड्यावर चढायला दगड लागतो आणि उतरायला दोन माणसं. माझा जुना मोतद्दार परवा म्हणाला, "महाराज, एकतर वरच राहा नाहीतर खालीच राहा." त्याला रागवावं असं मनात आलं, पण तेवढाही जोर नव्हता.

अर्दवानचं पत्र आलं होतं. त्याला तिस्फोनला शहेनशहांच्या दरबारी ठेवलंय, तू नि मी राहायचो त्याच खोल्यांत, पागेच्या वर. माझा मुलगा तिकडे ओलीस आहे असं म्हणायचं नाही, पाहुणा आहे असं म्हणायचं. आपणही पाहुणेच होतो. तो लिहितो, खाली घोडे खिंकाळले की अजून झोप लागत नाही. मला एकदम गवताच्या गंजीमागची ती दुपार आठवली. मांडलिकांच्या पोरांच्या टोप्यांची टोकं पुढे वाकलेली, ताठ टोक फक्त शहेनशहांचं. तू दोन्ही टोप्यांत पेंढा कोंबलास आणि त्या उभ्या केल्यास. मग आपण एकमेकांना मुजरे घातले. "बोल फर्नबाज, कोणतं राज्य देऊ तुला?" असं तू विचारलंस. मी म्हणालो, "राज्य राहू दे, जेवायला दे." तेवढ्यात म्हातारा अर्शम आला, आपल्याला घोड्यावर बसायला शिकवणारा. त्याने दोन्ही टोप्यांतला पेंढा उपसून घोड्यापुढे टाकला आणि म्हणाला, "गाढवांनो, टोपी ताठ दिसली की खालचं डोकं राहत नाही. आधी वाकायला शिका, मग लगाम धरा." त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आज ना तू राजा असतास, ना मी.

मेहरगानच्या सणाला तुझ्याकडे आलेला दरबारचा सरदार मेहरबोज परतताना माझ्याकडे उतरला. अक्रोड घातलेलं कोकरू त्याने दोनदा मागून घेतलं आणि मग तुझ्या टोपीची हकिकत सांगितली. रोदगून वहिनींनी मला आधीच कळवलं होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. वहिनींच्या दिनाक मावशीने म्हणे तुझ्यासाठी सणाची नवी टोपी केली. कोवळ्या कोकराची लोकर थापून केलेला नमदा, त्याला ताठ राहायला जर्दाळूच्या झाडाचा डिंक. जुन्या टोपीचं टोक डोळ्यांवर येतं म्हणून ती कधीपासून धुसफुसत होतीच. "आमचा जावई राजा आहे की भिजलेला कोंबडा?" असं सगळ्या घराला ऐकवायची. बिचारी खोऱ्याबाहेर कधी गेली नाही. टोक पडतं ते नमदा जुना झाला म्हणून, असंच तिला जन्मभर वाटत आलं. तिने टोपी ताठ केली. तू ती घाईत डोक्यावर चढवलीस, आणि डोक्यावरची टोपी ज्याची त्याला दिसत नाही.

दरबार भरलेला. शहेनशहांचा प्याला घेऊन मेहरबोज पुढे आला आणि प्याला हातातच राहिला. तो वाईट माणूस नाही, पाकूर. त्याने तुला वाट करून दिली. "राजे, टोपी नवी दिसते. अजून बसली नाही वाटतं?" तू नुसतं 'हो' म्हणायचंस. सगळे हसले असते, मावशीला दोन शब्द ऐकावे लागले असते, संपलं असतं. तू काय म्हणालास? "सरदार, मान चाळीस वर्षं वाकलेली आहे. टोपीला तरी जरा उभं राहू द्या."

हे सांगताना मेहरबोजलाही हसू आवरलं नाही. मीही हसलो. मग त्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "मी एकटा असतो तर ऐकलं नसतं. पण दरबार भरलेला होता. मी नाही कळवलं तर दुसरा कुणी कळवेल, आणि मी कळवलं नाही हेही कळवेल." तो झोपायला गेला, आणि मी मात्र तिथेच बसून राहिलो.

आपण आपल्या नावाची नाणी पाडतो. आपले निवाडे आपण करतो. आपल्या घराण्याचा अग्नी आपल्या डोंगरावर तेवतो. आणि तिस्फोनहून बोलावणं आलं की घोडेस्वार घेऊन निघतो. कुणाशी लढायचं ते तिकडेच ठरलेलं असतं. मी शहेनशहांच्या घराण्यातल्या एका भावाच्या गादीसाठी लढलो, मग त्याच्यावर उलटलेल्या दुसऱ्या भावासाठी लढलो. माझी माणसं दोन्हीकडे मेली आणि दोन्ही वेळा मला मानाचा झगा मिळाला. दोन्ही झगे पेटीत आहेत, कसर लागलेले. खरा हक्क कुणाचा हे मी विचारलं नाही. लाज वाटते असंही नाही रे. दमलोय. तू दमला नाहीस, याचा मला कधी राग येतो आणि कधी हेवा वाटतो.

आता लिहायला ज्यासाठी बसलो ते लिहितो. हुकूम आला आहे, आणि तो माझ्याच नावाचा आहे. खिंड बर्फाने बंद व्हायच्या आत मी घोडेस्वार घेऊन तुझ्यावर चालून यायचं. ती टोपी आणि तिच्याखालचं जे असेल ते तिस्फोनला पोहोचवायचं. मेहरबोज सोबत राहील, मी काय पाहतो ते पाहायला. नाही म्हटलं तर अर्दवान पाहुणा राहणार नाही. म्हणून मी निघतोय. गुडघ्यांचं निमित्त सांगून नदीकडची लांबची वाट धरतोय, म्हणजे हे पत्र माझ्या आधी पोहोचेल. नदी पायी ओलांडता येते त्या उताराच्या अलीकडे मी थांबेन. तू पलीकडच्या काठावर ये, तीच टोपी घालून. दुसरी घातलीस तर कुणी मानणार नाही. टोक वाकलेलं दिसलं तर मी पाण्यातून येऊन तुला मिठी मारेन, आणि नवी टोपी तेव्हा बसली नव्हती असं मेहरबोज लिहील. त्याला तेच लिहायचं आहे. टोक ताठ दिसलं तर ते सगळ्यांना दिसेल, आणि माझे डोळे दुर्दैवाने अजून चांगले आहेत. तू म्हणशील, वाकवणं तुला सोपं आहे फर्नबाज. दिनाक मावशीने याच लोकरीची एक टोपी मलाही पाठवली होती, हे तुला ठाऊक नसेल. एका दुपारी दार लावून मी ती घातली आणि चांदीच्या आरशापुढे उभा राहिलो. तू टोपीचंच म्हणालास, पण ते टोपीवरच थांबत नाही. मान आपोआप वर जाते. बराच वेळ तसाच उभा होतो. मग पाणी मागवलं. कोमट घे, पाकूर. थंड पाण्याने तो डिंक सुटत नाही.

उताराच्या अलीकडे उभा असेन,
तुझाच,
फर्नबाज