विमानात राहिलेली बाई

सोलापूर
९ फेब्रुवारी २०२६, दुपार

चि. सिद्धेश्वरी हिस,
अज्जाचा आशीर्वाद, आणि डोक्यावरून हात.

आज सकाळपासून एक जुना आवाज कानात बसला आहे. कुंभारी गावातल्या आपल्या जुन्या घराच्या दारावर वाजणाऱ्या जोडव्याचा. तुझी अज्जी विहिरीवरून यायची तेव्हा डोक्यावर हंडा, कडेवर कळशी, दोन्ही हात अडकलेले. मग ती पायातलं जोडवं दाराच्या फळीवर वाजवायची. टक, टक, आणि जरा थांबून तिसरी टक. मी आत उद्या वर्गात शिकवायची एखादी कविता घोळवत बसलेला, उठायला उशीर व्हायचाच. बाहेरून आवाज यायचा, "उघडा की. कविता मागनं म्हणा, मान मोडली माझी."

इकडची खबर म्हणशील तर गड्ड्याची जत्रा उठली, धूळ मात्र अजून हवेत आहे. होटगीकडून हुरडा आला होता. माझे गुडघे कुरकुरतात. बसव्वा वेळेवर येते, अज्जीचं सगळं करते आणि मला चहात साखर घालू देत नाही. अज्जी आहे तशी आहे. हे वाक्य मी तुला रोज फोनवर ऐकवतो. त्याच्याविषयी थोडं लिहायचं आहे, पण आधी तुझं.

तुझा बाप, अनिलकुमार, सांगत होता की तू विमानातल्या नोकरीचा राजीनामा लिहून ठेवला आहेस आणि येत्या सोमवारी पाठवणार. मला तो थांबवायचा आहे. म्हणून हे पत्र. फोनवर माझी जीभ आडवी येते.

तुला आठवतं, ट्रेनिंगमधून सुट्टीवर आलीस आणि आम्हा म्हाताऱ्यांना शिकवायला बसलीस? अज्जी तेव्हा चालती-फिरती होती. तिला खुर्चीत बसवून म्हणालीस, "तू घाबरलेली पॅसेंजर. जागची उठायची नाहीस." तिनं ते फार मनावर घेतलं. तू ओढतेस आणि ती खुर्ची धरून हसते आहे. धुरात हवा खाली असते, वाकून चालायचं. ओलं फडकं नाकाला. एकीनं आग विझवायची, दुसरीनं सामान पुरवायचं, तिसरीनं पायलटला कळवायचं. मोबाईलची पेटलेली बॅटरी विझली असं वाटलं तरी पाणी ओतत राहायचं, कारण ती आतून परत पेटते. आणि बंद दार उघडण्याआधी त्याला उलटा हात लावून बघायचा. तळहात भाजला तर पुढं काही धरता येत नाही. दार गरम लागलं तर उघडायचं नाही, दुसरी वाट शोधायची. तेव्हापासून अज्जी न्हाणीघराच्या दारालासुद्धा उलटा हात लावायची. "बगते, आत तुमी जळताय का."

चौथीच्या पुस्तकात विमानावर कविता होती. सगळा वर्ग हात पसरून म्हणायचा. तिच्यात ढग होते, चांदण्या होत्या. धूर नव्हता.

संक्रांतीच्या आधी तुझ्या विमानात जे झालं ते तू एकदाच सांगितलंस. मला नीट कळलं आहे का बघ. वरच्या कप्प्यात कुणाची तरी बॅटरी पेटली. तुम्ही विझवली, पाणी ओतलं, तरी आग पत्र्याच्या आत शिरली. पायलटनं जवळच्या धावपट्टीवर उतरवलं. घसरगुंड्या उघडल्या, तुम्ही ओरडून ओरडून माणसं बाहेर काढली. मग तू धुरात श्वास घेता यावा म्हणून असतो तो टोप डोक्यात घालून, शेवटचं कुणी राहिलंय का हे पाहायला मागं वळलीस. तिथं खिडकीशी एक बाई बसलेली होती. हिरवं इरकल, कपाळावर विभूतीच्या रेघा, चेहरा धुरात ओळखू येईना. तू तिचा डावा हात धरून ओढलास. ती उठेना. "नी होगु, मगा," एवढंच म्हणाली. तू जा, बाळ. मग धूर इतका दाटला की तुला उडी घ्यावी लागली.

खाली मोजणी जुळली. एकही माणूस कमी नाही. कंपनीनं सांगितलं, डॉक्टरनं सांगितलं, तुझ्या बापानंही सांगितलं की धूर डोक्यात गेला, असे भास होतात. आणि तू म्हणतेस, मी एका म्हातारीला आत सोडून आले, आता कुठल्या तोंडानं विमानात चढू.

सिद्धे, मी त्यांच्यासारखं म्हणणार नाही.

तुझं विमान पेटलं त्याच दुपारी इथं बसव्वा अज्जीला पेज भरवत होती. अंथरुणाला खिळून दोन वर्षं झाली तरी बोलणं शाबूत होतं, हे तुला माहीत आहे. मधेच ठसका लागला, तो थांबेना. बसव्वा म्हणाली, "अज्जा, काय जळतंय का बगा की." मी गॅस पाहिला, देव्हारा पाहिला. काही नाही. वास अज्जीच्या केसांना येत होता. जळक्या प्लॅस्टिकचा. तेवढ्यात ती म्हणाली, "नी होगु, मगा." मला वाटलं, बसव्वाला जा म्हणते आहे.

ते तिचं शेवटचं बोलणं.

तुझा फोन संध्याकाळी आला. मी "अज्जी आहे तशी आहे" म्हणालो आणि तिच्याकडे बघत राहिलो. डाव्या मनगटावर चार बोटं आणि अंगठा उमटले होते. बसव्वा रडायलाच आली. "मी न्हाय धरलं हो अज्जा, लिंगाची आण." वळ अजून तसेच आहेत, काळेनिळे. डोळे उघडे असतात, पण शाळा सुटल्यावर वर्ग कसा दिसतो? बाकं जागच्या जागी, फळ्यावर तारीख, आणि कुणी नाही. तशी पडून असते.

तू स्वतःला आधीच पुष्कळ डागण्या दिल्यास, आणखी एक नको म्हणून लपवलं. पण तुला खुळी ठरवलेलं मला सहन होत नाही. तिथं बाई होती. ती कोण होती तेही आता तुला कळलं. ती अजून तिथंच, त्या धुरात बसून आहे का, एवढंच मला उमगत नाही.

थांब. दार वाजलं.

बसव्वा असेल म्हणावं तर ती आत्ताच घरी गेली, आणि ती बेल वाजवते. ही बेल नव्हे. टक, टक. जरा थांबून तिसरी. आपलं दार पत्र्याचं, आवाज मात्र लाकडाचा. अज्जी माझ्यासमोर खाटेवर आहे. पाय सुजले तेव्हा काढलेली जोडवी विभूतीच्या डबीशेजारी आहेत, आत्ता जाऊन पाहिली.

दाराला उलटा हात लावून आलो. गरम आहे.

विचारलं, कोण? बाहेर कुणीतरी खोकलं. दमलेला आवाज, लांबून चालत आल्यासारखा.

"उघडा की. कविता मागनं म्हणा."

गरम दार उघडायचं नाही, हे तूच शिकवलंस. पण या घराला दुसरं दार नाही, आणि तिला मी आयुष्यभर बाहेर ताटकळत ठेवलं आहे. खाटेवर अज्जीनं मान दाराकडे वळवली आहे. महिनाभरात पहिल्यांदा.

सोमवारी काही पाठवू नकोस. कामावर जा, पोरी. तुझं विमान रिकामं झालं. शेवटची बाई उतरून घरी आली आहे.

आज उशीर न करता दाराकडे निघालेला,
तुझा अज्जा
पंचाक्षरी